थॉर्स्टीन व्हेब्लेनचं घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीच्या नियमाचे अपवाद शिकवतात, तेव्हा 'प्रतिष्ठेच्या वस्तू' येतात: किंमत वाढली की ज्यांची हौस वाढते अशा. जगभर त्यांना 'व्हेब्लेन वस्तू' म्हणतात. या नावामागचा माणूस नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या एका सुताराचा मुलगा होता. त्याच्या घराबद्दल जे नेहमी विचारलं जातं आणि ज्याची उत्तरं बऱ्याचदा चुकीची मिळतात, ते इथे एकत्र केलं आहे. व्हेब्लेनचं अर्थशास्त्र समजावणं हा या पानाचा हेतू नाही. जिथे घर आणि पुस्तक एकमेकांना भिडतात, तिथे ते येईलच.

थोडक्यात, हा व्हेब्लेन कोण?

जन्म 30 जुलै 1857, विस्कॉन्सिन राज्यातल्या केटो या वस्तीत. शिक्षण मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात, मग 1884 मध्ये येल विद्यापीठाची पीएच.डी. शिकागो, स्टॅनफर्ड, मिसूरी अशा ठिकाणी शिकवलं आणि कुठेच नीट रुजला नाही. 1899 मध्ये रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर त्याने लिहिलेलं पुस्तक गाजलं. केवळ लोकांनी पाहावं म्हणून केलेल्या खर्चाला त्याने दिलेलं 'कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन' हे नाव आज वर्तमानपत्रांतही सहज वापरतात. 3 ऑगस्ट 1929 रोजी कॅलिफोर्नियात वारला. शेअर बाजार कोसळायला तेव्हा तीनेक महिने होते.

त्याला कामगारवर्गातला म्हणायचं की शेतकऱ्याचा मुलगा?

कोणत्या वर्षी विचारता, त्यावर आहे. 1847 मध्ये त्याचे वडील थॉमस अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांच्याकडे हातातलं सुतारकाम सोडून फारसं काही नव्हतं. पैसे कमी, इंग्रजी शून्य. पुढची काही वर्षं दुसऱ्यांची बांधकामं करून पैसा जोडला. थॉर्स्टीन जन्मला तेव्हा घर सुतारकी आणि जंगल तोडून केलेली शेती या दोन्हींवर चाललं होतं. तो कॉलेजात गेला तेव्हा हेच वडील मिनेसोटात तीनशे एकरांच्या आसपास जमिनीचे मालक होते. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात मजूर, कारागीर आणि बागायतदार असे तिन्ही टप्पे. चरित्रकार यातला एक टप्पा उचलतात आणि त्यालाच घराणं म्हणतात. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत.

आईवडील नॉर्वेतल्या कोणत्या भागातले?

वाल्ड्रेस. दक्षिण नॉर्वेच्या मध्यावरचं डोंगरी खोरं. लाकडी खांबांवर उभारलेली मध्ययुगीन चर्चं तिथे अजूनही उभी आहेत. वडील थॉमस अँडरसन व्हेब्लेन, आई कारी थोर्स्टाइन्सदातर बुंदे. दोघंही शेतकरी कुळांतली, पण जमीन हातातून निसटलेली.

जमीन निसटली म्हणजे काय झालं?

नॉर्वेत लागवडीखालची जमीन देशाच्या जेमतेम तीन टक्के. बाकी डोंगर, जंगल, खडक आणि पाणी. त्यामुळे शेताची मालकी हीच माणसाची पत. पिढ्यानपिढ्या एका घराकडे असलेल्या शेतावर त्या घराचा 'ओदेल' हक्क असे. शेत बाहेरच्याला विकलं गेलं तरी भाऊबंद ठरावीक मुदतीत ते परत विकत घेऊ शकत. वाचायला छान वाटतं. पण कोणाचा हक्क आधी, किंमत किती आणि मुदत उलटली की नाही यावरून कज्जे चालत, आणि त्यात वकिलांची चंगळ होई.

कारीच्या वडिलांचं बुंदे हे शेत अशाच भानगडीत गेलं. कोर्टकचेरीच्या खर्चाने ते धुऊन निघाले आणि तरुणपणीच वारले. कारी तेव्हा लहान मुलगी होती. थॉमसच्या वडिलांनाही वडिलोपार्जित शेत गमवावं लागलं, असं चरित्रांत येतं. दोन्ही घरं मालकाच्या पायरीवरून खाली घसरलेली.

खालच्या पायरीवर असत ते 'हूसमन'. मालकाच्या जमिनीच्या कडेला झोपडं आणि चिमूटभर शेत मिळे, बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं. त्यांना कूळ म्हणावं तर कुळाला निदान पीक तरी आपलं असतं. हूसमनचा मोबदला मुख्यतः घामात वसूल होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशी सुमारे 65 हजार घरं नॉर्वेत होती. अमेरिकेला निघालेल्यांत यांचा आणि शेत न मिळालेल्या धाकट्या मुलांचा भरणा मोठा होता.

'व्हेब्लेन' हे आडनाव कुठून आलं?

वाल्ड्रेसमधल्या एका शेताचं ते नाव. त्या काळच्या खेड्यातल्या नॉर्वेजियन माणसाला आपल्या अर्थाने आडनाव नसेच. स्वतःचं नाव, मग बापाचं नाव ('अँडरसन' म्हणजे अँडर्सचा मुलगा, 'थोर्स्टाइन्सदातर' म्हणजे थोर्स्टाइनची मुलगी) आणि शेवटी ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव. आपल्याकडे गावावरून '-कर' लागतं तसंच, फक्त एक मोठा फरक: सातारकर पुण्यात राहायला गेला तरी सातारकरच राहतो, नॉर्वेतला माणूस शेत बदललं की नावही बदले. हूसमन तर दर काही वर्षांनी बदले. म्हणून एकच माणूस चर्चच्या वहीत तीन वेगळ्या नावांनी सापडतो, आणि शोधणाऱ्याला वाटतं तिघे आहेत. सर्वांना कायम आडनाव सक्तीचं करणारा कायदा नॉर्वेत 1923 मध्ये आला.

अमेरिकेत उतरल्यावर कारकुनासमोर काहीतरी एकच नाव ठरवावं लागे. बहुतेकांनी बापाचं नाव घेतलं, म्हणून मिनेसोटात ओल्सन, जॉन्सन आणि हॅन्सन यांचं पीक आलं. थॉमसने शेताचं नाव ठेवलं. वंशावळ शोधणाऱ्यांवर त्याचे उपकारच आहेत.

मुलांची नावं ठेवण्याची काही पद्धत होती का?

होती, आणि ती फार उपयोगी पडते. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांवरून, पुढचा आईच्या वडिलांवरून. व्हेब्लेनांचा थोरला अँड्र्यू, म्हणजे आजोबा अँडर्सचं नाव इंग्रजी वळणाने. थॉर्स्टीनला आईचे वडील थोर्स्टाइन यांचं नाव मिळालं, आणि मधलं नाव बुंदे. ज्या शेतापायी आजोबा गेले, ते शेत नातवाच्या नावात अमेरिकेला पोचलं.

प्रवास कसा झाला?

वाईट. निघाल्यापासून मिलवॉकीला पोचेपर्यंत साडेचार महिने लागले. 16 सप्टेंबर 1847 ला ते तिथे उतरले. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यही झालेलं नव्हतं, ते पुढच्या वर्षी झालं. न्यूयॉर्कचं कॅसल गार्डन हे स्थलांतरितांचं नाकं 1855 चं आणि एलिस बेट 1892 चं. त्यामुळे 'एलिस बेटावर आमचं आडनाव बदललं' ही अमेरिकन घराघरांतली लाडकी कथा इथे लागू होत नाही. (खरं तर फारशी कुठेच होत नाही. एलिस बेटावरचे अधिकारी जहाजाकडून आलेल्या याद्यांवरून नावं तपासत. बदल बहुतेक वेळा लोकांनी स्वतःच नंतर केले.)

नॉर्वेहून अमेरिकेला संघटितपणे गेलेलं पहिलं जहाज 'रेस्टोरासियोन'. ते 4 जुलै 1825 रोजी स्टाव्हांगेरहून 52 जणांना घेऊन निघालं आणि 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला 53 जणांसह पोचलं, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेला गेले. 1801 च्या खानेसुमारीत सगळ्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती, हे शेजारी ठेवून तो आकडा वाचावा. एकट्या 1882 मध्ये 28 हजारांहून अधिक गेले. व्हेब्लेन त्या लाटेच्या बरेच आधीचे.

अमेरिकेत ते कुठेकुठे राहिले?

आधी विस्कॉन्सिन, मिशिगन सरोवराच्या काठच्या जंगलपट्ट्यात. शेवटी मॅनिटोवॉक काउंटीत घर केलं. थॉर्स्टीन तिथला. 1865 मध्ये सगळं बिऱ्हाड मिनेसोटातल्या राइस काउंटीत, नर्स्ट्रँडजवळच्या माळावर हललं. झाडं तोडण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा मोकळी काळी माती बरी, हा त्या काळच्या बऱ्याच नॉर्वेजियनांचा हिशोब होता. तिथलं घर थॉमसने स्वतः बांधलं. एकूण बारा मुलं झाली, त्यांत थॉर्स्टीन सहावा.

पण मग घर गरीब होतं ना? सगळीकडे तसंच वाचायला मिळतं.

या प्रश्नासाठीच हे पान आहे म्हणा ना.

1934 मध्ये जोसेफ डॉर्फमन यांचं मोठं चरित्र आलं आणि पुढच्या सगळ्यांनी त्यावरूनच लिहिलं. त्यातून एक चित्र पक्कं झालं: कंगाल, एकाकी नॉर्वेजियन वस्ती, इंग्रजी न येणारा मुलगा, अमेरिकेत कायमचा उपरा, आणि या उपरेपणातून आलेला कडवट उपहास. गोष्ट म्हणून झकास आहे. समाजशास्त्रज्ञांनी त्यावर मनोविश्लेषणाचे मजलेही चढवले.

थोरल्या भावाला हे अजिबात पटलं नव्हतं. अँड्र्यू व्हेब्लेनने चरित्रकाराला पत्रं लिहून सांगितलं की घर कष्टाळू होतं, साधं होतं, पण लाचार नव्हतं. भाऊ म्हटला की घराची बाजू घेणारच, अशी शंका येईल, तर भावाला बाजूला ठेवा आणि घराकडे पाहा. ते आजही उभं आहे: दुमजली, नीटस, सुताराच्या हातचं. जमिनीकडे पाहा. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मुलं. एकोणिसाव्या शतकात शेतावरून हाताशी आलेली मुलं उचलून, मुलींसकट, कॉलेजात पाठवणं ज्याला पोट भरायची भ्रांत आहे त्याला जमत नाही.

मग गरिबीची कथा पूर्ण खोटी का? तसंही नाही. 1847 ची गरिबी खरी होती, आणि नॉर्वेत जमीन गेल्याची बोच तर त्याहून खरी. चूक एवढीच झाली की आईवडिलांची सुरुवात मुलाच्या बालपणावर चिकटवली गेली. थोरल्या भावाचं लहानपण आणि थॉर्स्टीनचं लहानपणही एकसारखं नसणार. दोघांत नऊ वर्षांचं अंतर, आणि स्थलांतरित घरात नऊ वर्षांत जग बदलतं.

माझं मत विचाराल तर, चरित्रकारांना उपहासाचं कारण हवं होतं आणि दारिद्र्य हे सगळ्यात सोपं कारण आहे. हुशार, खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगाही श्रीमंतांना हसू शकतो, हे कोणाला रुचत नाही.

त्याला इंग्रजी येत नव्हतं का?

घरची भाषा नॉर्वेजियन. इंग्रजी शेजाऱ्यांकडून आणि शाळेत. पाचव्या वर्षी शाळा सुरू झाली, म्हणजे 'सतराव्या वर्षापर्यंत इंग्रजी ऐकलंच नव्हतं' छापाच्या कथा सोडून द्या. आईवडीलही पुढे इंग्रजी चांगलं बोलू लागले, वाचन मात्र नॉर्वेजियनच राहिलं. जुन्या नॉर्डिक भाषेची त्याची ओढ शेवटपर्यंत टिकली. आइसलँडच्या एका मध्ययुगीन गाथेचा त्याने केलेला इंग्रजी अनुवाद 1925 मध्ये छापून आला.

कार्लटन कॉलेजच का? नॉर्वेजियन लोकांची स्वतःची कॉलेजं नव्हती?

होती. आयोवातल्या डेकोरा गावचं ल्यूथर कॉलेज होतं, आणि कार्लटनच्याच नॉर्थफील्ड गावात 1874 मध्ये नॉर्वेजियन ल्यूथरन मंडळींनी सेंट ओलाफची शाळा काढली. त्याच वर्षी थॉमसने सतरा वर्षांच्या थॉर्स्टीनला तिथे न घालता कार्लटनला पाठवलं, जे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल पंथीयांचं होतं. शेजाऱ्यांच्या भुवया वर गेल्या असणार. आपल्या चर्चचं सोडून 'यांकी' लोकांकडे मुलं शिकवायला घालणारा हा शेतकरी कोण लागून गेला?

असं सांगतात की थॉर्स्टीनला आधी विचारलंही नव्हतं. शेतातून बोलावलं, गाडीत बसवलं, कॉलेजच्या दारात गेल्यावर त्याला कळलं. हे शब्दशः खरं असो वा नसो, बापाचा स्वभाव त्यातून नेमका कळतो. मुलांचा खर्च कमी व्हावा म्हणून त्याने कॉलेजजवळ राहायला घरही बांधलं. सुताराला भाड्याची खोली पाहवत नसावी.

बहिणींचं काय?

त्याही शिकल्या. एमिली व्हेब्लेन कार्लटनमधून पदवीधर झाली. नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या मुलींमध्ये अमेरिकन कॉलेजची पदवी घेणारी बहुधा ती पहिलीच. तिचं नाव व्हेब्लेनवरच्या लेखांत एका ओळीत येतं आणि जातं, ते खटकतं. भावाच्या उपरेपणावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी त्याच घरातल्या मुलीला ही वाट कशी मोकळी मिळाली, हेही विचारायला हवं होतं.

पीएच.डी. झाल्यावर तो सात वर्षं घरी बसला, हे खरं?

खरं. 1884 ते 1891. तो मलेरियाचं कारण देई. धर्मावर विश्वास नसलेल्या माणसाला तेव्हाच्या चर्चप्रणीत कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवायला कोण घेणार, हेही होतं. नॉर्वेजियन असणं आड आलं असंही म्हणतात. शेतावरच्या घराला हा डॉक्टरेट झालेला, दिवसभर वाचत पडलेला मुलगा परवडत होता, हेही लक्षात घ्या. 1888 मध्ये त्याने कार्लटनमधली सहाध्यायी एलेन रोल्फ हिच्याशी लग्न केलं. 1891 मध्ये कॉर्नेलला पुन्हा विद्यार्थी म्हणून गेला आणि तिथून पुढच्या वर्षी शिकागोला.

घरचं काही त्याच्या पुस्तकात उतरलं का?

जपून बोलायला हवं, कारण या प्रश्नावर अंदाजांचा बाजार फार. तरी 1899 च्या पुस्तकातल्या तीन जागा पाहा.

एक, चमचा. हाताने घडवलेला चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरचा, यंत्राने केलेला ॲल्युमिनियमचा दहा-वीस सेंटचा. तोंडात घास घालण्याचं काम दोन्ही सारखंच करतात, मग पहिला सुंदर का वाटतो, असं तो विचारतो. वस्तू कामाला कशी येते हा सुताराच्या घरातला पहिला प्रश्न.

दुसरी जागा हिरवळीची. श्रीमंतांच्या बंगल्यापुढचं कापलेलं गवत म्हणजे मुळात कुरणच, आणि कुरणावर शोभून दिसेल ती गाय. पण गाय बांधता येत नाही, कारण गाय म्हटलं की दूध, काटकसर, उपयोग. म्हणून मग हरणं आणतात. ज्याने गायी राखल्या आहेत त्यालाच हा विनोद सुचतो, असं मला तरी वाटतं.

तिसरी वकिलांची. लबाडी करणं किंवा लबाडी हाणून पाडणं याखेरीज त्यांचा उद्योग नाही, अशा अर्थाचं तो बेधडक लिहून जातो. बुंदेचं शेत कसं गेलं ते वर आलंच आहे. आजोबांची गोष्ट त्याच्या मनात होती की नव्हती, हे कागदावर कुठे नाही, पण आईच्या तोंडून ती घरात ऐकली गेली नसेल असं मानणं कठीण.

घराण्यातलं आणखी कोण नावाजलं?

अँड्र्यू आयोवा विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. वाल्ड्रेसहून आलेल्यांची त्याने अमेरिकेत संघटना उभी केली, आणि म्हातारपणी, 1925 मध्ये, स्वतःच्या घराण्याची वंशावळ छापली. आज आपल्याला नॉर्वेकडचं जे कळतं त्यातलं बरंच त्याच्यामुळे.

त्याचा मुलगा ओसवाल्ड हा अमेरिकेतल्या अव्वल गणितज्ञांपैकी एक. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीचा तो पहिला प्राध्यापक, आइन्स्टाइनच्याही आधी नेमलेला. भूमितीतल्या कामासाठी त्याच्या नावाने पुरस्कार दिला जातो. म्हणजे वाल्ड्रेसचा भूमिहीन सुतार आणि हा, यांत फक्त एक पिढी.

नॉर्वेजियन वंशाचा, भारताला जवळचा आणखी कोणी?

नॉर्मन बोरलॉग, ज्यांच्या बुटक्या गव्हाने आपली हरितक्रांती झाली. जन्म 1914, आयोवातलं शेत. पण ते चौथ्या पिढीतले, त्यांचे पणजी-पणजोबा नॉर्वेहून आले होते.

आमच्या सुनेचे (किंवा जावयाचे) पूर्वज असेच नॉर्वेजियन कामगार होते. शोध कुठून सुरू करू?

अमेरिकेतून सुरू करा, नॉर्वेतून नाही. आधी शेताचं नाव मिळवायचं, कारण 'ओले ओल्सन, नॉर्वे' एवढ्यावर कोणीच सापडत नाही. ते कबरीच्या दगडावर, ल्यूथरन चर्चच्या वहीत किंवा जुन्या पत्रावर बहुधा मिळतं. 1850 पासूनच्या अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. 1890 ची मात्र जवळपास सगळी 1921 च्या आगीपायी गेली, तिच्या मागे वेळ घालवू नका.

शेत आणि परगणा कळला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिजिटालआर्किव्हेट' उघडा. फुकट आहे. 1801, 1865, 1875, 1891, 1900, 1910 आणि 1920 च्या खानेसुमाऱ्या तिथे आहेत, शिवाय बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या चर्चच्या वह्यांची छायाचित्रंही. गाव सोडून जाणाऱ्यांची नोंद पाद्री वेगळ्या यादीत करत, ती चुकवू नका. पोलिसांच्या स्थलांतर-वह्या ओस्लोला (तेव्हाचं क्रिस्तियानिया) 1867 पासून आणि बर्गनला 1874 पासून. व्हेब्लेनांसारखे आधी गेलेले त्यांत नसणार. स्टाव्हांगेरच्या वह्या बहुतांश जळाल्या. बऱ्याच परगण्यांची शेतवार इतिहास सांगणारी 'बिग्देबोक' नावाची जाडजूड पुस्तकंही असतात. मात्र ती मालकांबद्दल भरभरून बोलतात आणि हूसमनला अर्ध्या ओळीत उरकतात. हूसमन शोधायचा असेल तर मालकाचं शेत धरूनच त्याच्यापर्यंत जावं लागतं.

थॉर्स्टीनचे वंशज आहेत का? नर्स्ट्रँडचं घर बघता येतं?

त्याला स्वतःची मुलं झाली नाहीत. दुसरी पत्नी ॲन हिच्या आधीच्या लग्नाच्या दोन मुली त्याने वाढवल्या. आपल्यामागे स्मारक करू नका आणि राख समुद्रात टाका, असं तो लिहून गेला. मिनेसोटातलं घर मात्र 1981 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलं गेलं. पडायला आलेलं होतं, नंतर दुरुस्त झालं. ते खासगी मालकीचं आहे, संग्रहालय नाही, तेव्हा रस्त्यावरूनच पाहावं लागेल. कागदपत्रं पाहायची असतील तर नॉर्थफील्डला कार्लटनचं अभिलेखागार आणि सेंट पॉलला मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी. अँड्र्यूचे कागद सेंट पॉलला आहेत, आणि आधी तेच पाहावेत.